'शट डाउन' केले तरी संगणक बंद का होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी ही एक खूण तपासा

संध्याकाळी दुकानाचे शटर अर्धे खाली आलेले असते आणि संगणकाच्या पडद्यावर 'शटिंग डाउन' या शब्दांशेजारी ठिपक्यांचे कडे गरगर फिरत असते. दोन मिनिटे, पाच मिनिटे, दहा मिनिटे. शेवटी कोणीतरी वैतागून भिंतीवरच्या बोर्डाचे बटणच बंद करते. असे आठवड्यातून दोनदा झाले की मशीन दुरुस्तीवाल्याकडे जाते आणि तिथे बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, 'विंडोज मारावी लागेल'. म्हणजे फॉरमॅट. पैसे जातात, एक-दोन दिवस मोडतात आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायलींची प्रत घेतलेली नसेल, तर त्या फायलीही जातात.

एवढे सगळे अनेकदा केवळ एका चौकटीतल्या टिकमार्कमुळे घडते. ती टिक काढायला दोन मिनिटे लागतात आणि एक रुपयाही लागत नाही. ती कुठे आहे ते पुढे सांगितले आहेच. पण त्याआधी हे स्पष्ट व्हायला हवे, की हा दोष संगणक वापरणाऱ्याचा नाही. विंडोजमध्ये 'शट डाउन' या शब्दाचा अर्थ २०१२ साली बदलला आणि तो बदल बटणावर कुठेही लिहिला गेला नाही.

बटण दाबल्यावर आत काय होते?

विंडोज ९५ वापरलेल्यांना तो काळा पडदा आठवत असेल. त्यावर नारिंगी अक्षरात 'आता संगणक बंद करण्यास हरकत नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य यायचे आणि मग आपण हाताने खटका दाबायचो. तो खटका खरोखर वीज तोडत असे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी रचना आणली आणि पुढच्या वर्षी, १९९६ मध्ये, इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी मिळून एसीपीआय हे वीज-व्यवस्थापनाचे मानक तयार केले. तेव्हापासून डब्यावरचे बटण वीज तोडत नाही. ते विंडोजला फक्त कळवते, की मालकाला बंद करायचे आहे. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत बंद संगणकाच्या मदरबोर्डलाही पाच व्होल्टचा एक छोटा पुरवठा मिळतच असतो. काही मशीनच्या मागच्या बाजूचा एखादा दिवा रात्रभर लुकलुकतो तो त्यामुळे. त्यात बिघाड काही नाही.

'शट डाउन' केले की विंडोज आधी प्रत्येक उघड्या प्रोग्रामला विचारते, 'आटोपले का?' एखादा प्रोग्राम साधारण पाच सेकंदांत उत्तर देत नसेल किंवा त्यात न साठवलेले काम असेल, तर त्याचे नाव पडद्यावर येते आणि 'शट डाउन एनीवे' असा पर्याय दिसतो. मग वापरणाऱ्याचे खाते बंद होते. त्यानंतर पडद्यामागे चालणाऱ्या सेवा थांबवल्या जातात, प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला 'आता झोप' असा निरोप जातो आणि सगळ्यात शेवटी मदरबोर्डला वीज तोडायला सांगितले जाते. या रांगेत एक जण जरी दारात गप्पा मारत उभा राहिला, तरी मागचे सगळे खोळंबतात. बंद होताना अडकलेला संगणक म्हणजे एवढेच असते. तो 'खराब' झालेला असेलच असे नाही.

२०१२ मध्ये काय बदलले?

विंडोज ८ ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आले आणि त्याबरोबर 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. विंडोज १० आणि ११ मध्येही ती आहे आणि बहुसंख्य मशीनवर आधीपासूनच चालू असते. तिचा उद्देश सकाळी संगणक लवकर सुरू व्हावा हा. त्यासाठी केलेली युक्ती अशी : 'शट डाउन' म्हटल्यावर आपले प्रोग्राम आणि आपले खाते बंद होते, पण विंडोजचा गाभा आणि त्याला चिकटलेले ड्रायव्हर बंद होतच नाहीत. त्यांची त्या क्षणाची अवस्था जशीच्या तशी डिस्कवरील एका फायलीत उतरवून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. दुकानदाराने रात्री गिऱ्हाईक बाहेर काढावे, दिवे मालवावेत, पण माल आवरू नये, वही मिटू नये, सकाळी त्याच पानावरून पुढे सुरू करावे, तसे हे.

यातून एक उलटीच गोष्ट निर्माण झाली. 'रिस्टार्ट' मध्ये ही युक्ती वापरली जात नाही. तिथे गाभा पूर्ण बंद होतो आणि नव्याने उभा राहतो. म्हणजे 'शट डाउन' केलेला संगणक अर्धवट बंद असतो आणि 'रिस्टार्ट' केलेला पूर्ण बंद होऊन आलेला असतो. एमएस-सीआयटीच्या वर्गात शट डाउन आणि रिस्टार्टमधला फरक शिकलेल्या पिढीला हे कोणी सांगितले? संगणक विकणाऱ्याने नाही, विंडोजच्या पडद्यानेही नाही.

परिणाम साधे नाहीत. एखाद्या वाय-फाय किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरची अवस्था सोमवारी बिघडली, तर तोच बिघाड मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी पुन्हा उचलला जातो, कारण मधल्या काळात तो ड्रायव्हर कधी नीट बंदच झालेला नसतो. काही अपडेट पूर्ण बंद झाल्याशिवाय बसत नाहीत. रोज शट डाउन करूनही ते बाकीच राहतात, आणि फास्ट स्टार्टअपमुळे असे होऊ शकते हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या मदत-लेखात मान्य केले आहे. आणि पडदा काळा होतो पण डब्यातला पंखा फिरतच राहतो, हा जो नेहमीचा प्रकार, त्यात अवस्था उतरवून झोपी जाण्याचे हे काम मधेच अडकलेले असण्याची शक्यता मोठी असते.

तुमचा संगणक खरोखर बंद होतो का, हे कसे ओळखाल?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' मध्ये 'सीपीयू' वर गेल्यावर खाली 'अप टाइम' असा आकडा दिसतो. पहिली संख्या दिवसांची असते. काल रात्री संगणक बंद केला होता आणि तरीही तिथे नऊ किंवा बावीस दिवस दिसत असतील, तर तुमचा संगणक तितके दिवस पूर्ण बंद झालेलाच नाही. रोज न चुकता शट डाउन करणाऱ्या कितीतरी लोकांना हा आकडा पाहून धक्का बसतो.

आता ती टिक. कंट्रोल पॅनल उघडा, 'पॉवर ऑप्शन्स' मध्ये जा, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' वर क्लिक करा. खालचे पर्याय फिकट दिसतील. वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' अशी ओळ आहे, ती दाबल्यावर ते खुले होतात. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची टिक काढा आणि 'सेव्ह चेंजेस' करा. मग एकदा रिस्टार्ट करा आणि दोन-चार दिवस नेहमीसारखे शट डाउन करून पाहा. कार्यालयातल्या मशीनवर ही सेटिंग बदलायची परवानगी नसेल, तर शिफ्टचे बटण दाबून धरून 'शट डाउन' वर क्लिक करा. त्या एका वेळेपुरता संगणक पूर्ण बंद होतो.

टिक काढावी का, यावर दोन मते आहेत. संगणक सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, हे खरे. पण ही युक्ती आली तेव्हा घरोघरी फिरत्या हार्ड डिस्क होत्या आणि मशीन सुरू होईपर्यंत चहा होत असे. आता बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिथे वाचतात ती मोजकी सेकंदे. तेवढ्यासाठी 'बंद' या शब्दावरचा भरवसा घालवणे मला तरी महागाचा सौदा वाटतो. शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा ग्रामपंचायतीत अजून जुन्या हार्ड डिस्कवर चालणारी मशीन असतील, तर तिथे ही सोय राहू द्यायला हरकत नाही, मात्र आठवड्यातून एकदा 'रिस्टार्ट' करण्याचा नेम पाळावा.

टिक काढूनही तेच होत असेल तर?

तर आधी नेमके काय होते ते नीट बघावे. 'बंद होत नाही' या एका वाक्यात तीन-चार वेगळे आजार लपलेले असतात आणि त्यांची औषधे वेगळी आहेत.

'शटिंग डाउन' वरच अडकत असेल, तर बहुधा एखादा प्रोग्राम, सेवा किंवा जोडलेले उपकरण आड येत असते. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटर, डिजिटल सही करण्याचे टोकन, बोटांचे ठसे घेणारे यंत्र असे जे काही यूएसबीला लावले आहे ते सुरक्षितपणे काढून मग बंद करून पाहा. सुटले, तर एकेक परत लावत गुन्हेगार सापडतो. प्रिंटरच्या रांगेत अडकलेली जुनी प्रिंट रद्द करा. टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप' यादीत गरजेचे नसलेले प्रोग्राम बंद करा; एकाच मशीनवर दोन अँटीव्हायरस असतील तर त्यातला एक काढाच. याने भागले नाही तर 'एमएसकॉन्फिग' उघडून 'सर्व्हिसेस' मध्ये आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' वर टिक करावी आणि उरलेल्या सेवा तात्पुरत्या थांबवून पाहाव्यात. ही टिक विसरलात तर विंडोजच्या स्वतःच्या सेवा थांबतील आणि नवा घोळ होईल, म्हणून तो क्रम महत्त्वाचा.

पडदा काळा, पण पंखा आणि दिवे चालू, हे चित्र टिक काढल्यावरही राहिले, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. चिपसेट, ग्राफिक्स आणि इंटेलच्या मशीनमधला मॅनेजमेंट इंजिनचा ड्रायव्हर हे यातले जुने संशयित. ते लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावेत. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' असे सांगणाऱ्या फुकट प्रोग्रामच्या नादी लागू नये. एक दुखणे घालवायला जाऊन चार घरात येतात.

संगणक बंद होतो आणि लगेच आपोआप सुरू होतो, हा सर्वांत फसवा प्रकार. कधी कधी बंद होताना निळा पडदा येतो, पण विंडोजला 'चूक झाली की आपोआप रिस्टार्ट कर' असे आधीच सांगितलेले असते, त्यामुळे तो पडदा दिसतच नाही. 'सिस्टिम प्रॉपर्टीज' च्या 'ॲडव्हान्स्ड' भागात 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे; तिथली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' ही टिक काढली की निळा पडदा थांबून राहतो आणि त्यावरचा संकेत फोनमध्ये टिपून घेता येतो. दुसरी शक्यता नेटवर्कवरून संगणक जागा करण्याची सोय चालू असल्याची. तिसरी आपल्याकडे अगदी घरगुती : रात्री लाइट गेली आणि आली की संगणक आपोआप सुरू झालेला सापडतो. ते भूत नव्हे. वीज परत आल्यावर काय करायचे, याची एक सेटिंग मदरबोर्डच्या बायोसमध्ये असते. ती 'पॉवर ऑफ' वर ठेवली की प्रश्न मिटतो.

चौथी शक्यता अशी, की चूक खुद्द विंडोजचीच असते. 'अपडेट अँड शट डाउन' दाबून झोपायला जावे आणि सकाळी संगणक चालूच सापडावा, ही तक्रार लोक वर्षानुवर्षे करत होते. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस विंडोज ११ साठी आलेल्या ऐच्छिक अपडेटच्या नोंदीत मायक्रोसॉफ्टने हा दोष दुरुस्त केल्याचे लिहिले. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच जानेवारी २०२६ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २३एच२ आवृत्तीतली, 'सिक्युअर लाँच' चालू असलेली काही मशीन बंद होण्याऐवजी रिस्टार्ट होऊ लागली. काही दिवसांत तातडीची दुरुस्ती आली, पण तोवर कंपनीचा सल्ला होता, की संगणक बंद करायचा असेल तर काळ्या खिडकीत कमांड टाइप करा. २०२६ साली, बंद करण्यासाठी!

बटण दाबून धरावे की नाही?

पॉवरचे बटण साधारण चार सेकंद दाबून धरले की मशीन गपकन बंद होते. काही लॅपटॉपवर दहा सेकंदही लागतात. इथे विंडोजला विचारले जात नाही, मदरबोर्ड थेट वीज तोडतो. भिंतीवरचे बटण बंद करणे किंवा लॅपटॉपची बॅटरी ओढणे यापेक्षा हे वेगळे नाही. फक्त त्यात हात अवघडत नाहीत.

यात धोका कशाला असतो? आपण 'सेव्ह' म्हटलेली प्रत्येक गोष्ट त्याच क्षणी डिस्कवर जात नाही. काही भाग थोडा वेळ मेमरीत थांबतो आणि मग लिहिला जातो. वीज तुटली की तो भाग जातो. विंडोज डिस्कवरच्या बदलांची एक रोजनिशी ठेवते, त्यामुळे फायलींची नावे आणि जागा यांचा हिशेब पुढच्या वेळी जुळवता येतो. पण ती रोजनिशी फायलीच्या आतला मजकूर वाचवत नाही. म्हणून फाइल जागेवर दिसते, उघडायला गेले की रिकामी किंवा बिघडलेली निघते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, मार्चअखेरीच्या नोंदी, सेवा केंद्रात दिवसभर भरलेले अर्ज यांच्या बाबतीत हे परवडणारे नाही. दाखल्यासाठी तालुक्याहून आलेल्या माणसाला 'सिस्टिम उडाली, उद्या या' असे सांगितले जाते, तेव्हा त्याचे एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी त्यात गेलेली असते.

तरीही बटण दाबावेच लागते अशी वेळ येते. त्याचा साधा हिशेब असा. पडद्यावर अपडेटची टक्केवारी दिसत असेल किंवा 'संगणक बंद करू नका' अशी सूचना असेल, तर तास-दीड तासही थांबावे. जुन्या हार्ड डिस्कवर तेवढा वेळ लागू शकतो. डब्यावर डिस्कचा छोटा दिवा असेल तर त्याकडे पाहावे. तो लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे. अर्धा तास ना दिवा हलला, ना पडदा, तर मात्र बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही. त्यानंतर सुरू करताना विंडोज डिस्क तपासू म्हणाली तर तपासू द्यावी. एखादे बटण दाबून ती तपासणी वगळण्याची घाई लोक करतात, तिथे नुकसान वाढते.

ठपका कोणावर?

कंपनीच्या बाजूनेही बोलायला हवे. हजारो प्रकारचे प्रिंटर, शेकडो बनावटीचे मदरबोर्ड आणि कोणी कधी लिहिलेले कोण जाणे असे ड्रायव्हर या सगळ्यांना एका वेळी शिस्तीत झोपवणे सोपे नाही. विंडोज व्हिस्टाच्या 'बंद करा' या छोट्याशा मेनूवर काम केलेल्या एका माजी अभियंत्याने २००६ मध्ये लिहिले होते, की कित्येक गटांच्या बैठका आणि संमतीच्या फेऱ्यांत त्या मेनूपायी त्याचे जवळपास वर्ष गेले. ही अडचण आपण समजू शकतो.

पण अवघड असणे वेगळे आणि न सांगणे वेगळे. बटणावर 'बंद' लिहायचे आणि प्रत्यक्षात डुलकी घ्यायची, हा गिऱ्हाइकाशी केलेला प्रामाणिक व्यवहार नव्हे. मेनूत 'पूर्ण बंद' असा आणखी एक शब्द घालायला कोणती अडचण होती? 'स्लीप', 'रिस्टार्ट' हे तिथे आहेच की. फोनवरही तेच चालले आहे. कित्येक फोनमध्ये पॉवरचे बटण दाबून धरले की फोन बंद करण्याचा पर्याय येण्याऐवजी व्हॉइस असिस्टंट बोलायला लागतो. वस्तू आपली, वीज आपली, आणि ती बंद कशी करायची हे शोधावे लागते.

दुरुस्तीवाल्याकडे न्यायची वेळ आलीच तर

मशीन नेण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणे. दुसरी, शोधपट्टीत 'रिलायबिलिटी हिस्टरी' टाइप करून उघडणारा तक्ता पाहणे. त्यात तारखेनिहाय खुणा असतात : कोणत्या दिवशी कोणता प्रोग्राम कोलमडला, कधी विंडोज नीट बंद झाली नाही, कधी कोणते अपडेट बसले. ज्या दिवसापासून त्रास सुरू झाला त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी काय बसवले गेले, हे तिथे बरेचदा सरळ दिसते. त्या पानाचा फोटो काढून दुरुस्तीवाल्याला दाखवावा. जाणकार असेल तर तो 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दाखवेल. त्या नोंदीचा अर्थ मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता एवढाच असतो. का झाला नाही, ते ती सांगत नाही. बटण दाबून धरले तरी तीच नोंद पडते. त्यामुळे केवळ ४१ दिसला म्हणून एसएमपीएस बदलायला होकार देऊ नये.

आणि त्याने 'विंडोज मारू' म्हटले, तर आधी विचारावे : फास्ट स्टार्टअप काढून पाहिले का, यूएसबीची सगळी उपकरणे काढून पाहिले का, चिपसेटचा ड्रायव्हर कोणत्या तारखेचा आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली आणि तरी दुखणे राहिले, तर विंडोज नव्याने टाकणे योग्यच. त्यासाठीही विंडोज १० आणि ११ मध्ये 'रिसेट धिस पीसी' हा पर्याय आहे आणि त्यात 'कीप माय फाइल्स' निवडता येते. आपल्या फायली राहतात, प्रोग्राम मात्र पुन्हा टाकावे लागतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा पुष्कळदा त्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये असतो आणि 'माय फाइल्स' मध्ये तो धरला जाईल याची खात्री नसते. तो फोल्डर कुठे आहे हे आधी शोधून त्याची प्रत वेगळी घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, तेही पाहून घ्यावे.